कोन कशापासून मोजला? क्ष-किरणांचे ध्रुवण आणि स्फटिकविज्ञानाच्या नोंदी

खडवलीला भातसेच्या काठावर ऊन उतरताना उभे राहिले की पाण्यावरच्या चकाकीमुळे तळातले धोंडे दिसत नाहीत. पोलरॉइड काचांचा गॉगल चढवला की चकाकी विरते आणि धोंडे, शेवाळ, एखादी मासोळीही दिसू लागते. गॉगल हातात धरून हळूहळू फिरवला तर चकाकी परत येते, आणि पाव फेरी झाली की ती पहिल्याइतकीच झगझगीत होते. गावातल्या मुलांना मी हा खेळ अनेकदा दाखवला आहे. दर वेळी एखादे मूल विचारतेच, "गॉगल किती फिरवला?" उत्तर देताना मीच थबकतो. किती, ते सांगता येईल, पण कशापासून? पाण्याच्या सपाटीपासून, पलीकडच्या काठापासून, की बघणाऱ्याच्या नाकापासून? गॉगल डोळ्यांवर ठेवून मान तिरकी केली, तर नाकाशी असलेला कोन तसाच राहतो आणि पाण्याशी असलेला बदलतो. चकाकीला नाकाशी देणेघेणे नाही.

स्फटिकविज्ञानाच्या नोंदपद्धतीत गेली तीसेक वर्षे याच प्रश्नाचा निकाल लावणे चालू आहे. प्रयोगाच्या फायलीत क्ष-किरण झोताचे ध्रुवण कसे लिहायचे? बाहेरून पाहणाऱ्याला ही कारकुनी वाटेल. पण औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसतो हे ज्या अणुनकाशांवरून ठरते, ते नकाशे डिटेक्टरवरच्या हजारो ठिपक्यांच्या तेजावरून काढलेले असतात, आणि तेजाचा हिशेब ध्रुवणाशिवाय पुरा होत नाही. म्हणून ही नोंद चुकली तर चूक थेट नकाशाच्या पायात शिरते.

शब्दाबद्दल एक खुलासा. वर्तमानपत्रांनी 'ध्रुवीकरण' हा शब्द राजकारणासाठी इतका वापरला आहे की प्रकाशासाठी 'ध्रुवण' हाच जुना, नेटका शब्द बरा. प्रयोगशाळेत मात्र सगळे पोलरायझेशनच म्हणतात, जसे ते बीमलाइन, डिटेक्टर आणि हेडर म्हणतात. मीही तसेच लिहीन.

मुळात घडते ते असे. क्ष-किरण पुढे जातो तेव्हा त्याचे विद्युत क्षेत्र त्याच्या वाटेला काटकोनात हेलकावत असते. वाटेत इलेक्ट्रॉन आला की क्षेत्र त्याला आपल्या दिशेत हलवते आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतः चहूकडे किरण सोडतो. मात्र ज्या रेषेत तो हलतो आहे, नेमक्या त्या रेषेत तो काहीच सोडत नाही. तो आडवा हलत असेल तर डावी-उजवीकडे अंधार आणि वर-खाली पूर्ण उजेड. चार्ल्स बार्कला यांनी १९०६ च्या सुमारास याच गुणाचा उपयोग केला. त्यांनी क्ष-किरण एका वस्तूवरून काटकोनात विखुरले, ते पुन्हा दुसऱ्या वस्तूवर पाडले आणि दुसऱ्या विखुरण्याचे तेज दिशेनुसार बदलते हे दाखवले. क्ष-किरण लहरी आहेत की कण हा वाद तेव्हा चालू होता. स्फटिकातून त्यांचे विवर्तन होते हे लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये दाखवले. म्हणजे क्ष-किरणांचे ध्रुवण क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या आधी जन्मलेले आहे.

नेहमीच्या क्ष-किरण नळीतून निघणारा झोत जवळजवळ अध्रुवित असतो. अशा झोतासाठी ठिपक्याच्या तेजाच्या दुरुस्तीचे सूत्र सोपे आहे: किरण सरळ वाटेपासून जितका वळला त्या वळणकोनाचा कोसाइन घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात १ मिळवा आणि दोनाने भागा. ४५ अंशांवर हा आकडा ०.७५ येतो आणि डिटेक्टरच्या कोणत्याही बाजूला तो सारखाच लागू पडतो. अडचण सुरू होते झोत आधीच एखाद्या स्फटिकावरून आला असेल तेव्हा. अनेक यंत्रांत नळी आणि नमुना यांच्यामध्ये ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर असतो. तो हवी ती तरंगलांबी निवडतो, पण निवडताना झोताला अंशतः ध्रुवितही करतो. तांब्याच्या नळीचा किरण ग्रॅफाइटवर साधारण २६.६ अंशांनी वळतो, तेव्हा वळणाच्या पातळीतला घटक तिला लंब घटकाच्या ८० टक्के उरतो. मॉलिब्डेनमच्या किरणासाठी वळण १२.२ अंश आणि उरणारा वाटा सुमारे ९५.६ टक्के. लिओनिद अझारोफ यांनी १९५५ मध्ये या दुरुस्तीवर लिहिले होते. तरीही अनेक वर्षे लोक ती कधी करत, कधी विसरत, कारण मॉलिब्डेनमवर चूक लहान आणि दुसऱ्या घटकांत मुरून जाणारी होती.

सीआयएफ हे स्फटिकविज्ञानाचे प्रमाण फाइल-स्वरूप १९९१ मध्ये सिडनी हॉल, फ्रँक अ‍ॅलन आणि डेव्हिड ब्राउन यांनी मांडले. प्रत्येक राशीला ठरलेले नाव आणि त्या नावाची कोशात लिहिलेली व्याख्या, ही त्याची साधी आणि भक्कम कल्पना. त्याच्या मूळ कोशात ध्रुवणासाठी दोन नोंदी आहेत. पहिली म्हणजे एक गुणोत्तर: विवर्तनाच्या पातळीला लंब घटक भागिले समांतर घटक. दुसरी म्हणजे तो लंब घटक पातळीच्या लंबाशी किती कोन करतो. विवर्तनाची पातळी म्हणजे आलेला किरण आणि वळलेला किरण ज्या पातळीत आहेत ती. वरच्या ग्रॅफाइटच्या उदाहरणात, मोनोक्रोमेटर आणि नमुना एकाच पातळीत किरण वळवत असतील, तर गुणोत्तर १.२५ आणि कोन शून्य. मोनोक्रोमेटर आडव्या पातळीऐवजी उभ्या पातळीत बसवला असेल तर कोन ९०.

आज ही व्याख्या गैरसोयीची वाटते, पण ती लिहिणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फोर-सर्कल डिफ्रॅक्टोमीटर होता. त्या यंत्रात डिटेक्टर एकाच पातळीत फिरतो आणि प्रत्येक रिफ्लेक्शन त्या पातळीत येईल अशा बेताने स्फटिक वळवला जातो. रिफ्लेक्शन हजार असले तरी विवर्तनाची पातळी एकच. मग कोन त्या पातळीपासून मोजणे हेच शहाणपणाचे. व्याख्या यंत्रावर बेतलेली होती, आणि ते यंत्र प्रयोगशाळेतून गेले तरी व्याख्या राहिली, एवढाच तिचा दोष.

यंत्र बदलले दोन्ही टोकांनी. किरणाच्या टोकाला सिंक्रोट्रॉन आला आणि नोंदीच्या टोकाला क्षेत्र-डिटेक्टर. आपल्याकडे सिंक्रोट्रॉन इंदूरला आहे. तिथल्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे वर्तुळाकार यंत्र २००५ पासून प्रकाश देत आहे. परीघ १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याच्या, इलेक्ट्रॉनांना वळवणाऱ्या एका चुंबकाच्या दाराशी, जिथे क्षेत्राची तीव्रता १.५ टेस्ला आहे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन-स्फटिकविज्ञानाची पीएक्स-बीएल२१ ही बीमलाइन उभारली. तिचे सविस्तर वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले: ५ ते २० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची कक्षा, दोन सिलिकॉन स्फटिकांचा मोनोक्रोमेटर, ऱ्होडियमचा थर दिलेल्या आरशांची जोडी, एका अक्षाचा गोनिओमीटर, रेयॉनिक्सचा सीसीडी डिटेक्टर, नमुने आपोआप बदलणारी व्यवस्था. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातून तुर्भ्याला रोज लोकलने जाणारी माणसे जी प्रथिने शुद्ध करतात, त्यांच्या स्फटिकांना देशातल्या देशात सिंक्रोट्रॉनचा झोत मिळायची सोय यामुळे झाली.

चुंबकातून जाणारा इलेक्ट्रॉन आडव्या पातळीत वळतो, म्हणून त्याचे त्वरण आडवे असते आणि नेमक्या त्या पातळीत बाहेर पडणारा प्रकाश पूर्ण आडवा ध्रुवित असतो. पातळीच्या जरा वर किंवा खाली गेले की तो लंबवर्तुळाकार होतो, वर एका दिशेने फिरणारा आणि खाली विरुद्ध दिशेने. सगळ्या ऊर्जांचा आणि सगळ्या दिशांचा मिळून हिशेब केला तर आठ भागांपैकी सात भाग आडवे निघतात. बीमलाइनवर झिरीतून मधला भागच घेतला जातो, त्यामुळे आडवा वाटा याहून पुष्कळ वाढतो. बहुतेक बीमलाइनींवर मोनोक्रोमेटर किरण उभ्या पातळीत वळवतो त्याचेही कारण हेच: विद्युत क्षेत्र वळणाच्या पातळीला लंब राहिले की काही गमवावे लागत नाही. म्हणजे झोताचे ध्रुवण हा निसर्गाने एकदा दिलेला स्थिरांक नव्हे. झिरी किती उघडली, आरसा कसा बसवला, झोत मध्यापासून किती सरकला, यावर ते हलते.

दुसऱ्या टोकाला क्षेत्र-डिटेक्टर. एका फोटोत शेकडो ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्याची विवर्तन-पातळी वेगळी: कुणाची आडवी, कुणाची उभी, कुणाची मधलीच. आता 'विवर्तन-पातळीपासूनचा कोन' असे एका डेटासेटसाठी लिहायचे तर कोणत्या ठिपक्याच्या? जुनी नोंद इथे निरर्थक ठरते. रिचर्ड काह्न, रोजे फूर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सिंक्रोट्रॉनवरच्या फोटोंसाठी जे दुरुस्तीचे सूत्र दिले, त्यात ठिपका डिटेक्टरवर कोणत्या दिशेला आहे तो कोन वेगळा घेतलेला आहे. त्या सूत्राचा परिणाम आकड्यांत पाहावा. झोत पूर्ण आडवा ध्रुवित असेल तर ४५ अंशांच्या वळणावर वरच्या ठिपक्याचे तेज पूर्ण राहते आणि बाजूच्या ठिपक्याचे निम्मे होते. ३० अंशांवर बाजूचा ठिपका तीन-चतुर्थांश उरतो. एक अँगस्ट्रॉम तरंगलांबीला ३० अंश म्हणजे साधारण १.९ अँगस्ट्रॉमचा तपशील, प्रथिनांच्या कामात रोज गाठला जाणारा.

या आकड्यांशी माझी गाठ विद्यार्थिदशेत पडली. परदेशातल्या एका स्रोतावर घेतलेला जुना डेटासेट मला पुन्हा प्रक्रियेसाठी मिळाला होता. सममितीने सारखे असायला हवेत असे ठिपके जुळेनात. विकिरणाने स्फटिक खराब झाला असेल, नमुना झोताबाहेर सरकला असेल, असे तर्क करण्यात तीन दिवस गेले. शेवटी न जुळणारे ठिपके डिटेक्टरच्या चित्रावर मांडून पाहिले तेव्हा दिसले की कमी तेजाचे सगळे डावी-उजवीकडे आहेत. फाइलच्या हेडरमध्ये ध्रुवणाबद्दल एक अक्षर नव्हते, आणि मी वापरत असलेल्या प्रोग्रॅमला काही सांगितले नाही की तो झोत अध्रुवित धरत असे. एक आकडा बदलल्यावर ताळा जमला. तेव्हापासून मला वाटत आले आहे की हा आकडा माणसाच्या आठवणीवर सोडायचा नाही. तो चित्रासोबत प्रवास करायला हवा.

ते काम इमेजसीआयएफने, म्हणजे चित्रांसाठीच्या सीआयएफने, अंगावर घेतले. ग्रनोबलच्या अँड्र्यू हॅमरस्ली यांच्या मूळ प्रस्तावातून आणि पुढे हर्बर्ट बर्नस्टाइन, पॉल एलिस प्रभृतींच्या परिश्रमातून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत आकाराला आली. २००५ मध्ये स्फटिकविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांच्या 'जी' खंडात तिचा कोश छापला गेला. त्यात ध्रुवणाच्या नव्या दोन नोंदी आल्या आणि दोन्हींच्या नावात 'सोर्स' हा शब्द मुद्दाम घातला गेला. ठिपक्यांच्या पातळ्या सोडून स्रोताकडून आलेल्या झोताचे वर्णन प्रयोगशाळेच्या अक्षांवर करायचे, हा निर्णय मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. झोताबद्दल बीमलाइनला जे ठाऊक आहे तेवढेच तिने लिहावे. प्रत्येक ठिपक्याचे गणित नंतर प्रोग्रॅम करील.

नव्या गुणोत्तराची व्याख्याही बदलली: ध्रुवण-पातळीतली तीव्रता वजा लंब तीव्रता, भागिले दोन्हींची बेरीज. झोत पूर्ण ध्रुवित असेल तर १, अध्रुवित असेल तर ०. जुन्या कोशातले गुणोत्तर पूर्ण ध्रुवित झोतासाठी अनंताकडे पळत असे, त्यामानाने हे आटोपशीर. कोशकारांनी दोन्हींतला फरक व्याख्येत स्पष्ट लिहिला आहे. पण नावे पाहा: जुन्या नोंदीत पोलरायझेशनचे लघुरूप इंग्रजी 'एस'ने लिहिले आहे, नव्यात 'झेड'ने. ब्रिटिश आणि अमेरिकी लेखनातला एका अक्षराचा फरक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या राशी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे बोट चुकले तर संगणक तक्रार करणार नाही.

त्यात प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅमांची आपापली भाषा. वोल्फगांग काब्श यांच्या एक्सडीएसमध्ये 'ध्रुवणाचा अंश' विचारतात, म्हणजे पातळीतली तीव्रता भागिले एकूण तीव्रता. तिथे अध्रुवित झोत म्हणजे ०.५. डायल्समध्येही अंशच आहे. डेन्झोचा 'मोनोक्रोमेटर' हा आकडा मात्र फरक-भागिले-बेरीज या जातीचा, इमेजसीआयएफशी जुळणारा. आता एकच झोत घ्या, ज्याच्या शंभर भागांतले नव्याण्णव आडवे आहेत. एक्सडीएसला तो ०.९९ सांगायचा, इमेजसीआयएफमध्ये ०.९८ लिहायचा, आणि जुन्या कोशात उभ्या पातळीत वळणाऱ्या ठिपक्यासाठी ९९. तिन्ही आकडे खरे आहेत.

०.९९ आणि ०.९८ यांच्या गोंधळाने फारसे बिघडत नाही; ४५ अंशांवर बाजूच्या ठिपक्यात अर्धा ते एक टक्का. पण जिथे नोंद ०.९० असेल तिथे अंश की फरक या घोटाळ्यात त्याच कोनावर बाजूच्या ठिपक्यात साडेचार टक्के चूक येते, आणि बाजूचा व वरचा ठिपका यांच्या परस्पर प्रमाणात सात टक्क्यांहून अधिक. प्रथिनातल्या गंधकाच्या अणूंवरून कला-कोन (ठिपक्याच्या लहरीचा फेज) काढण्याच्या पद्धतीत ज्या संकेताच्या मागे आपण असतो तो साधारण एक टक्क्याचा असतो, हे लक्षात घेतले की या चुकीचे वजन कळते. आजचे स्केलिंग प्रोग्रॅम ठिपका डिटेक्टरवर कुठे आहे त्यानुसारही दुरुस्ती करतात, त्यात ही चूक काही अंशी विरघळते हे खरे. विरघळलेली चूक शोधणे मात्र अधिक कठीण जाते.

पिलेटस जातीच्या डिटेक्टरांनी एक लहानसे हेडर रूढ केले. त्यात टिप्पणीच्या ओळींत तरंगलांबी, अंतर, कोन यांच्या रांगेत एक ओळ येते: पोलरायझेशन ०.९९०. बस. अंश की फरक, ते लिहिलेले नाही. पातळी कोणती, तेही नाही. हेडर सुटसुटीत ठेवण्यामागची गरज मी समजू शकतो, कारण डिटेक्टर सेकंदाला अनेक चित्रे देतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोश लादता येत नाही. पण त्या ओळीला मी नोंद म्हणणार नाही. ती वाचणाऱ्याने आधीच उत्तर ठाऊक असल्यासारखे वाचावे लागते.

पातळीचा प्रश्न आकड्यापेक्षा अवघड आहे. इमेजसीआयएफमध्ये कोन मोजतात तो प्रयोगशाळेच्या वाय अक्षापासून. हा वाय अक्ष कुठे आहे? एक्स अक्ष गोनिओमीटरच्या मुख्य अक्षावर, झेड नमुन्याकडून स्रोताकडे, आणि वाय उरलेल्या जागी. म्हणजे 'प्रयोगशाळेचे' म्हटलेले हे अक्ष खरे तर स्फटिक फिरवणाऱ्या दांड्याला बांधलेले आहेत. अनेक सिंक्रोट्रॉन बीमलाइनींवर दांडा आडवा असतो. मग एक्स आडवा, वाय उभा, झोताचे ध्रुवण आडवे, त्याचा लंब उभा, आणि कोन शून्य. दांडा उभा बसवला की त्याच झोताचा कोन ९० होतो. जमिनीच्या हिशेबाने काहीही हललेले नाही. व्याख्येत 'नमुन्याकडून पाहता' असे शब्द आहेत तेही अर्थपूर्ण आहेत, कारण स्रोताकडून पाहिले तर कोनाचे चिन्ह उलटते. शून्य आणि ९० साठी चिन्हाने फरक पडत नाही. ३० साठी पडतो.

नेक्सस या दुसऱ्या मोठ्या प्रमाणपद्धतीत वाय अक्ष गुरुत्वाच्या विरुद्ध, सरळ वर, आणि झेड झोताबरोबर पुढे. म्हणजे इमेजसीआयएफच्या झेडच्या नेमका उलट. एका पद्धतीतून दुसरीत फाइल नेताना आकडा तसाच उचलून ठेवला तर उभ्या दांड्याच्या बीमलाइनवर पातळी पाव फेरी फिरते. अशी फिरलेली पातळी साध्या विसरण्यापेक्षा वाईट, कारण दुरुस्ती उलट्या दिशेने लागते. ३० अंशांवर बाजूचा ठिपका खरोखर तीन-चतुर्थांश आलेला असतो आणि प्रोग्रॅम वरच्यालाच आणखी वाढवतो. दोघांचे प्रमाण ०.५६ वर येते. या कारणासाठी मला कोनापेक्षा सदिश अधिक पटतो. एक्सडीएस आणि डायल्स ध्रुवण-पातळीचा लंब तीन घटकांत मागतात. तीन आकडे जास्त वाटतील, पण त्यांत कोणत्या बाजूने पाहायचे हा प्रश्न उरत नाही, आणि अक्ष बदलले तर त्यांचे रूपांतर यांत्रिकपणे करता येते.

आडवे ध्रुवण गृहीत धरण्याची सवय इतकी खोल आहे की ती डिफॉल्ट म्हणून प्रोग्रॅमांत बसली आहे. त्या सवयीला कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरने धक्का दिला. २००९ पासून तिथला झोत आडवा ध्रुवित होता. नव्या रचनेत कठीण क्ष-किरणांसाठी अंड्युलेटरच (इलेक्ट्रॉनांना नागमोडी वळवणाऱ्या चुंबकांच्या रांगा) आडवे करून बसवले, आणि २०२० मध्ये त्यांतून प्रकाश निघू लागला तो उभा ध्रुवित. इमारत जुनी, नावही जुने, पण जुन्या डिफॉल्टवर चालणारा हिशेब त्या दिवसापासून चुकीचा. पुढे कधी कोणी २०१८ आणि २०२१ चे डेटासेट शेजारी ठेवून वाचेल तेव्हा त्याला फाइलशिवाय दुसरा साक्षीदार नसेल.

एक गुणोत्तर आणि एक कोन मिळूनही सगळे सांगता येत नाही. वर्तुळाकार ध्रुवित झोतात कोणतीही पातळी विशेष नसते, म्हणून त्याचे गुणोत्तर शून्य. अध्रुवित झोताचेही शून्य. इमेजसीआयएफने दोन्हींसाठी पातळी एक्स-झेड धरायची आणि कोन शून्य लिहायचा असे ठरवून दिले, पण दोन वेगळ्या झोतांची नोंद त्यामुळे अक्षरशः सारखी होते. नेहमीच्या विवर्तनात दोघांची तेजे सारखीच येतात, तेव्हा नुकसान नाही. चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासात मात्र, जिथे वर्तुळाकार ध्रुवणाची दिशा उलटवून फरक मोजतात, तिथे हीच माहिती प्रयोगाचा गाभा असते.

यावरचा उपाय जुना आहे. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दृश्य प्रकाशासाठी चार राशी मांडल्या: एकूण तीव्रता, आडव्या-उभ्यातला फरक, दोन्ही तिरक्या दिशांतला फरक, आणि डाव्या-उजव्या फिरणाऱ्यांतला फरक. अंशतः ध्रुवित, लंबवर्तुळाकार, काहीही असो, या चारांत ते मावते, आणि दोन झोत एकत्र आले तर आकड्यांची नुसती बेरीज करायची. इमेजसीआयएफच्या कोशात पुढे या चार राशींच्या नोंदी जोडल्या गेल्या. नेक्ससच्या स्फटिकविज्ञानासाठीच्या व्याख्येतही स्टोक्स राशी आहेत, आणि २०२० मध्ये बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी महारेणूंच्या विवर्तन-डेटासाठी जो सुवर्ण-मानक मांडला तो त्या व्याख्येवर उभा आहे. माझे मत या बाजूला स्पष्ट आहे: नव्या बीमलाइनने स्टोक्सच्या चार राशीच लिहाव्यात. अंश किंवा गुणोत्तर हवे असेल त्याला ते एका ओळीत काढता येते. उलट वाटेने येता येत नाही. शंका राहते ती एकच, की राशी चार झाल्या तरी दुसरी आणि तिसरी कोणत्या अक्षांवर मोजली हे सांगावेच लागते.

इतकी काटेकोर नोंद कुणाला लागते, असे मला एका स्नेह्याने विचारले होते. डेव्हिड आणि लिझेलॉट टेंपलटन या दांपत्याने १९८० च्या आसपास दाखवले की काही स्फटिकांत, शोषणाच्या सीमेजवळच्या ऊर्जेला, अणूचे विखुरणे झोताच्या ध्रुवणाच्या दिशेवर अवलंबून असते; रेणूतले बंध कोणत्या दिशेला आहेत ते क्ष-किरणाला जाणवते. २००८ मध्ये मार्क शिल्ट्झ आणि जेरार्ड ब्रिकोन यांनी प्रथिनांच्या डेटात याच परिणामाचा उपयोग करून कला-कोन अधिक चांगले मिळतात हे मांडले. त्या हिशेबात ध्रुवण ही झटकून टाकायची दुरुस्ती नसते, तेच मोजमापाचे साधन असते. सेलेनियम घातलेल्या प्रथिनांचे असंख्य जुने डेटासेट नेमके अशा सीमेजवळच्या ऊर्जेवर घेतलेले आहेत. त्यांतून हा परिणाम आज पुन्हा शोधायचा तर स्फटिक कोणत्या कोनात होता आणि झोत कोणत्या पातळीत हेलकावत होता, दोन्ही फाइलीत हवे.

मूळ चित्रे जपून ठेवण्याचा आग्रहही आता वाढला आहे. पूर्वी रचना प्रसिद्ध झाली की फिती कपाटात जात. आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने २०११ मध्ये विवर्तन-चित्रांच्या जतनासाठी कार्यगट नेमला, आणि त्यांचे म्हणणे हेच होते की चित्र ठेवायचे तर त्याचे वर्णनही पुरेसे ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९९९ मध्ये पेनिसिलिन-व्ही अ‍ॅसिलेज या विकराची रचना पुढे आली. तुर्भ्यात एचआयव्हीच्या प्रोटिएजवर वर्षानुवर्षे काम झाले. या कामांची चित्रे उद्याच्या विद्यार्थ्याने नव्या प्रोग्रॅममध्ये घालावीत असे वाटत असेल, तर त्याला बीमलाइनवरच्या माणसाला फोन न करता प्रक्रिया करता आली पाहिजे. तो माणूस तोवर निवृत्त झालेला असतो.

राहिला प्रश्न तो आकडा मिळवायचा कुठून. अनेक ठिकाणी तो रचनेच्या वेळच्या गणितातून येतो आणि साच्यात कायमचा बसतो. पण तो मोजता येतो, आणि मोजणे स्वस्त आहे. प्लास्टिकची एखादी चकती किंवा काचेसारख्या कार्बनचा तुकडा नमुन्याच्या जागी ठेवला तर डिटेक्टरवर ठिपक्यांऐवजी गुळगुळीत कडे उमटते. असा पदार्थ सर्व दिशांना सारखा विखुरतो, म्हणून कड्याच्या तेजात जो चढउतार दिसतो तो झोताच्या ध्रुवणाचा. डावी-उजवीकडे कडे किती मंदावले त्यावरून अंश निघतो, आणि सर्वांत मंद जागा कोणत्या दिशेला आहेत त्यावरून पातळी, तीही थेट डिटेक्टरच्या अक्षांवर. झिरी किंवा आरसा हलवला की पुन्हा एक चित्र घ्यावे आणि मिळालेले आकडे तारखेसह हेडरमध्ये जावेत. इंदूरसारख्या, मोजक्या माणसांच्या हातातल्या बीमलाइनला हे सहज जमण्याजोगे आहे. या कड्यावरून स्टोक्सच्या पहिल्या तीन राशी मिळतात. चौथी मिळत नाही, कारण वर्तुळाकार झोत आणि अध्रुवित झोत दोघेही सारखेच, एकसंध कडे उमटवतात. तिच्यासाठी हिऱ्याचा पातळ काप कला-पट्टी म्हणून झोतात घालावा लागतो.